निनावी पुड्यांबाबत : अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : पुणे शहरातील दवाखान्यांतून रुग्णांना थेट दिली जाणारी औषधे आणि त्यासंबंधीच्या अटींची अंमलबजावणी

महोदय,

डॉक्टरांनी रुग्ण तपासून औषधही स्वतःच द्यावे, की त्यांनी चिठ्ठी लिहावी आणि औषध फार्मासिस्टने द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे निघाला की पाहता पाहता त्याचे दोन व्यवसायांमधील हद्दीचे भांडण होते आणि ज्याच्या पोटात ते औषध जायचे असते तो रुग्ण त्या भांडणात कुठेच दिसत नाही. म्हणून माझे म्हणणे आधीच स्पष्ट सांगते. पुण्यासारख्या शहरात, जिथे पेठांपासून उपनगरांपर्यंत चालत जाण्याच्या अंतरावर औषधाचे दुकान सापडते, तिथे औषध देण्याचे काम फार्मासिस्टकडेच असावे. डॉक्टरांना कायद्याने दिलेली सवलत दुकान नसलेल्या ठिकाणांपुरती आणि अडीअडचणीपुरती राहावी. आणि नियम बदलेपर्यंत त्या सवलतीला आज ज्या अटी जोडलेल्या आहेत त्या तरी काटेकोरपणे पाळल्या जाव्यात. यातील पहिल्या दोन गोष्टी केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात, तिसरी मात्र आपल्या प्रशासनाच्या हातात आहे, आणि म्हणूनच हे पत्र आपल्या नावे लिहिले आहे.

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट असून पुण्याच्या मध्यवस्तीत औषधांच्या दुकानात अनेक वर्षे काम केले आहे. त्यामुळे या मागणीत माझ्या व्यवसायाचा फायदा आहे, असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे. वाचणाऱ्यांनी ते लक्षात ठेवूनच माझे मुद्दे तपासावेत. मात्र पुढे मी जे लिहिले आहे त्यातील बरेचसे माझ्याच व्यवसायाला टोचणारे आहे, हेही त्यांना दिसेल.

कायदा काय म्हणतो ते आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात मांडते. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणालाही तयार करता किंवा देता येत नाही. परंतु त्याच कलमात डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांना औषध देण्याला सूट आहे. औषध नियम, १९४५ च्या शेड्यूल ‘के’ या सवलतींच्या परिशिष्टातील पाचव्या नोंदीने अशा डॉक्टरांना विक्री परवान्याच्या बंधनातूनही मोकळे केले आहे, मूळ अट अशी की त्यांनी उघडे दुकान थाटू नये आणि काउंटरवरून विक्री करू नये. आजवरच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक बहुधा इथेच थांबतात. डॉक्टर म्हणतात, आम्हाला परवानगी आहे. केमिस्ट म्हणतात, ती काढून घ्या. त्या नोंदीचा उरलेला भाग मात्र कोणी वाचून दाखवत नाही.

त्या उरलेल्या भागात लिहिले आहे की डॉक्टरांनी ही औषधे परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घ्यावीत आणि खरेदीची नोंद बॅच नंबरसह ठेवावी. औषध शेड्यूल ‘जी’, ‘एच’ किंवा ‘एक्स’मधले, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली किंवा चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या याद्यांतले असेल तर अटी आणखी वाढतात : वेष्टनावर डॉक्टरांचे नाव व पत्ता असलेले लेबल हवे, पोटात घ्यायचे असल्यास त्यावर मात्रा हवी, बाहेरून लावायचे असल्यास तशी सूचना हवी, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव, प्रमाण आणि तारीख यांची नोंद रजिस्टरमध्ये हवी, त्या नोंदीचा क्रमांक लेबलावर हवा आणि ते रजिस्टर किमान दोन वर्षे जपून ठेवायला हवे. प्रतिजैविके, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे हे बहुतेक सगळे शेड्यूल ‘एच’ किंवा ‘जी’मध्ये येते, म्हणजे दवाखान्यातून रोज जे दिले जाते त्यातील बराच मोठा भाग या अटींखाली आहे.

आता पुण्यातल्या एखाद्या गल्लीतील दवाखान्यात संध्याकाळी सातच्या सुमारास जाऊन पाहावे. डॉक्टर तपासतात, आत बसलेल्या कंपाउंडरला दोन शब्द सांगतात, आणि तो प्लास्टिकच्या बरण्यांतून सुट्या गोळ्या काढून कागदी पाकिटात घालतो. पाकिटावर पेनाने उभ्या रेघा ओढलेल्या असतात, किंवा ‘१-०-१’ आणि ‘जेवणानंतर’ एवढे लिहिलेले असते. एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी. मोठ्या बाटलीतले सिरप लहान बाटलीत ओतून दिले जाते. गोळीचे नाव कुठेच नाही, डॉक्टरांचे नाव असलेच तर पाकिटाच्या जाहिरातवजा छपाईत, आणि नोंदीचा क्रमांक असलेले लेबल तर मी क्वचितच पाहिले आहे. सगळेच दवाखाने असे नाहीत. औषधाचे नाव, ताकद आणि मात्रा लिहिलेला कागद पाकिटासोबत देणारे डॉक्टरही माझ्या माहितीत आहेत, पण ते तसे करतात ते स्वतःच्या शिस्तीने, कोणी विचारतो म्हणून नव्हे.

ही निनावी पुडी माझ्या दृष्टीने या सगळ्या वादाचे मूळ आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दुकानात लोक पुडीतली उरलेली एखादी गोळी घेऊन येतात आणि म्हणतात, “हिने बरे वाटले होते, हीच द्या.” ती पांढरी, गोल आणि कोरी असते. तशा दिसणाऱ्या गोळ्या कितीतरी आहेत. ती पॅरासिटामॉल असू शकते, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असू शकते, आणखी काहीही असू शकते. आम्ही नाही म्हणतो आणि ग्राहक पुढच्या दुकानात जातो, जिथे कदाचित कोणी अंदाजाने काहीतरी देतो. हा किरकोळ त्रास झाला. रात्री अचानक प्रकृती बिघडून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात नेले जाते आणि तिथला निवासी डॉक्टर पहिल्या दोन-तीन प्रश्नांत विचारतो की सध्या कोणती औषधे चालू आहेत, तेव्हा घरचे लोक खिशातून ती पुडी काढून पुढे करतात. त्या पुडीतून त्या डॉक्टरला काय समजणार? रुग्ण आधीपासून वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असेल आणि पुडीत डायक्लोफेनॅक असेल, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात पुण्यात डेंगीचे रुग्ण वाढतात. डेंगीच्या तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळावे आणि तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे, हे आता सर्वांना माहीत आहे, पण अंगदुखीसाठी दिलेल्या ‘पॉवरच्या गोळी’त नेमके काय होते हे रुग्णाला माहीत नसते. मधुमेह असलेल्या माणसाची साखर चार दिवसांत का चढली, याचे उत्तर त्या अर्ध्या गुलाबी गोळीतल्या स्टेरॉइडमध्ये असू शकते. एखाद्याला सल्फाची ॲलर्जी असेल आणि अंगावर पुरळ उठले, तर पुन्हा कोणते औषध टाळायचे हेच त्याला कधी कळत नाही.

दुसरी गोष्ट बॅचची. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधामुळे लहान मुलांचे मृत्यू झाले. कोल्ड्रिफ या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले, आणि आपल्या प्रशासनाने महाराष्ट्रातही त्या बॅचचा वापर थांबवण्याचा इशारा दिला. तो इशारा वाचून ज्यांच्या घरात छापील लेबलाची बाटली होती, त्यांना ती उलटून बॅच नंबर पाहता आला. ज्यांच्या फ्रीजमध्ये दवाखान्यातून ओतून आणलेली बिनलेबलाची बाटली होती, त्यांच्यासाठी आपला इशारा निरुपयोगी होता. सदोष बॅच बाजारातून परत मागवण्याची यंत्रणा कितीही चांगली केली तरी ती अशा बाटलीपर्यंत पोहोचत नाही. औषधातल्या याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्णांचा बळी घेतला होता आणि त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने आपल्या खात्याचीही झाडाझडती घेतली होती, हे आपल्या कार्यालयात कोणाला नव्याने सांगावे लागू नये.

आता पैशांविषयी. तपासणारा आणि विकणारा एकच असला की त्याने ठरवलेल्या औषधात विक्रीचा विचार शिरतो, हा आरोप डॉक्टरांना अपमानास्पद वाटतो, आणि अनेकांच्या बाबतीत तो अन्यायकारकही आहे. परंतु व्यवस्था आखताना सज्जन माणसे गृहीत धरून चालत नाही. छापील किंमत आणि खरेदीची किंमत यांच्यात प्रचंड अंतर असलेली ब्रँडेड जेनेरिक औषधे घाऊक बाजारात मिळतात आणि दवाखान्यांसाठी त्यांची वेगळी विक्री चालते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील कलम ६.३ नुसार रुग्णाची पिळवणूक होत नसेल तर डॉक्टरने औषध पुरवणे अनैतिक नाही. मात्र त्याच कलमात औषधाचे घटक आणि जेनेरिक नाव स्पष्टपणे दिलेले असावे, असेही म्हटले आहे. म्हणजे नावाची अपेक्षा डॉक्टरांच्या स्वतःच्या आचारसंहितेतही आहे. बरणीतल्या गोळीवर नाव नसेल, तर पिळवणूक झाली की नाही हे रुग्णाने ताडून तरी कशावर पाहायचे?

फॅमिली डॉक्टरांची बाजूही मला मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. जनता वसाहतीत किंवा येरवड्याच्या वस्तीत राहणाऱ्या, रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला दोन दिवसांच्या औषधासह एका ठरलेल्या रकमेत उपचार मिळतात, आणि चिठ्ठी लिहून दिली तर तो दुकानात जाऊन पाच दिवसांच्या पाच औषधांचे बिल पाहून परत फिरण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी तो पुन्हा येतो, डॉक्टर पुन्हा पाहतात, गरज असेल तर औषध बदलतात. यात एक शहाणपण आहे आणि ते मोडून टाकावे असे मी म्हणत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्ह्याच्या डोंगराळ गावांत तर डॉक्टरांनी औषध दिले नाही तर ते मिळणारच नाही. ब्रिटनमध्ये ग्रामीण भागात औषधाच्या दुकानापासून साधारण दीड किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या रुग्णांना डॉक्टर औषध देऊ शकतात, जवळ राहणाऱ्यांना सहसा नाही. अंतरावर सवलत बांधण्याची ही कल्पना आपल्याकडेही विचारात घेण्यासारखी आहे. सवलत वेल्ह्यालाही तीच आणि टिळक रस्त्यालाही तीच, हे मात्र समजण्यापलीकडचे आहे.

डॉक्टरांचा खरा आणि बिनतोड आक्षेप वेगळाच आहे. ते विचारतात, “आम्ही चिठ्ठी लिहून देऊ, पण तुमच्या दुकानात फार्मासिस्ट असतो का?” या प्रश्नाला माझ्या व्यवसायाकडे ताठ मानेने देण्यासारखे उत्तर नाही. प्रमाणपत्र भिंतीवर, फार्मासिस्ट दुसऱ्याच नोकरीत, आणि काउंटरवर बारावी झालेला मुलगा, ही स्थिती पुण्यातल्या किती दुकानांत आहे ते आपले निरीक्षक जाणतात. औषध नियमांच्या नियम ६५ नुसार चिठ्ठीवरील औषध फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचे असते. शेड्यूल ‘एच’मधील औषधाच्या जागी दुसरे औषध परस्पर देता येत नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल ‘एच-वन’ या अधिक कडक यादीतील औषधांसाठी वेगळे रजिस्टर ठेवून ते तीन वर्षे जपायचे असते. तरीही तिसऱ्या पिढीची प्रतिजैविके चिठ्ठीविना मिळतात, आणि तीसुद्धा तीन गोळ्या कापून. आमचे दुकानदार पट्टी कापताना बॅच नंबर आणि एक्स्पायरी असलेला तुकडा बऱ्याचदा आपल्याकडेच ठेवतात, म्हणजे दवाखान्यातल्या पुडीचा जो दोष मी वर सांगितला तोच आमच्या काउंटरवरही घडतो. महेश झगडे आयुक्त असताना आपल्याच प्रशासनाने फार्मासिस्टविना चालणाऱ्या दुकानांवर मोहीम उघडली, तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंद पाळून विरोध केला. त्या वेळी आमच्या संघटनांनी मोहिमेला पाठिंबा दिला असता, तर आज डॉक्टरांना हा प्रश्न विचारता आला नसता, असे माझे मत आहे, आणि ते व्यवसायबंधूंना आवडणार नाही याची मला कल्पना आहे.

मग औषध फार्मासिस्टकडे का सोपवावे? तो डॉक्टरपेक्षा जास्त प्रामाणिक असतो म्हणून निश्चितच नव्हे. विक्रीवर त्याचाही नफा आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ ने सरकारी कमाल किमतीच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के मार्जिन धरले आहे, आणि औषध समजावून सांगण्याचे वेगळे शुल्क त्याला सहसा मिळत नाही. फरक इतकाच की कामाची विभागणी झाली की लिहिणाऱ्याला विक्रीतून काही मिळत नाही आणि विकणाऱ्याला लिहिलेले बदलता येत नाही. दोघांमध्ये एक कागद येतो, ज्यावर औषधाचे नाव असते, आणि तो कागद रुग्णाच्या हातात राहतो. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट चुकून ‘रोज’ असे लिहिले गेले, तर ते वाचणारा दुसरा माणूस डॉक्टरला फोन करू शकतो. ही चूक जिवावर बेतू शकते, आणि जगभर ती घडत आली आहे. दवाखान्यात लिहिणे, काढणे आणि देणे एकाच भिंतीच्या आत उरकले की मध्ये वाचणारा कोणी उरत नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. आयुर्वेद पदवीधर डॉक्टरांना आधुनिक औषधे वापरण्यासाठी राज्याचे आदेश आहेत, होमिओपॅथिक डॉक्टरांसाठी एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यावरून वैद्यकीय संघटनांमध्ये तीव्र मतभेद आहेत. त्या वादात मी पडत नाही. परंतु कोणता डॉक्टर कोणते औषध देतो याची नोंदच नसेल, तर त्या वादाचा निकाल कोणत्या पुराव्यावर लागणार?

हे काम फुकटात होणार नाही, हेही मान्य करायला हवे. दक्षिण कोरियाने २००० साली लिहिणे आणि देणे कायद्याने वेगळे केले, तेव्हा डॉक्टरांचे मोठे संप झाले आणि सरकारला तपासणीचे दर वाढवावे लागले. जपानने १९७४ मध्ये चिठ्ठी लिहिण्याचे शुल्कच एकदम वाढवले आणि पुढे हळूहळू, काही दशकांत, बहुतेक चिठ्ठ्या बाहेरच्या दुकानांत जाऊ लागल्या. मला जपानची वाट अधिक शहाणपणाची वाटते. पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरांच्या शुल्कात आज औषधाचे पैसे मिसळलेले आहेत. ते वेगळे काढायचे तर त्यांच्या तपासणीची आणि सल्ल्याची उचित किंमत समाजाने द्यायला शिकले पाहिजे. नुसती बंदी घातली तर पुड्या टेबलाखालून दिल्या जातील.

म्हणून माझी विनंती टप्प्याटप्प्याची आहे. प्रथम, शेड्यूल ‘के’च्या पाचव्या नोंदीतील अटी मराठीत, सोप्या भाषेत छापून त्या पुणे महानगरपालिका आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतील दवाखान्यांपर्यंत वैद्यकीय संघटनांमार्फत पोहोचवाव्यात, आणि नियमात नसले तरी लेबलावर औषधाचे जेनेरिक नाव आणि ताकद लिहिण्याचे आवाहन त्यासोबत करावे. ठरावीक मुदतीनंतर निरीक्षकांनी खरेदीच्या नोंदी आणि रजिस्टर पाहायला सुरुवात करावी. पहिल्या भेटीत दंडुका नको, पण भेट हवी. त्याच काळात आणि तितक्याच कडकपणे दुकानांमधील फार्मासिस्टची हजेरी तपासावी, कारण एका बाजूला सैल सोडून दुसऱ्या बाजूला आवळले तर डॉक्टरांचा आक्षेप खरा ठरेल. ज्या दुकानांत दुकान उघडे असेपर्यंत फार्मासिस्ट असतो, त्यांची यादी आपल्या संकेतस्थळावर विभागवार प्रसिद्ध केली तर डॉक्टरांनाही चिठ्ठी कुठे पाठवावी हे कळेल. आणि या अनुभवाच्या आधारे, महानगरपालिका क्षेत्रांत ही सवलत पहिला डोस, इंजेक्शन, तातडीची गरज आणि दुकाने बंद असण्याची वेळ एवढ्यापुरती मर्यादित करावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे पाठवावी.

यातील लेबलाची सूचना काढायला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही आणि कोणाची मान्यताही लागत नाही. ती पावसाळ्यापूर्वी, तापाच्या रुग्णांची गर्दी सुरू होण्याआधी निघावी, आणि ती निघणार नसेल तर का निघणार नाही याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, पुणे